जितके-तितके : बालभारतीच्या गणित समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गणित विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
सेनापती बापट मार्ग, पुणे 411004



नोव्हेंबर 2021 मध्ये पुण्यात रिक्षाचे भाडे ठरले ते असे : पहिल्या दीड किलोमीटरला 21 रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला 14 रुपये. 1 सप्टेंबर 2022 पासून हेच आकडे 25 आणि 17 झाले. कुठे 4 रुपये वाढले आणि कुठे 3, हे प्रवाशांना लगेच कळले. पण या दोन दरपत्रकांत आणखी एक फरक आहे आणि तो नववीच्या वर्गाला फळ्यावर पाच मिनिटांत सापडण्यासारखा आहे.

जुन्या दराने दीड किलोमीटरचे, 14 च्या हिशेबाने, बरोबर 21 रुपये होतात. म्हणजे किमान भाड्याचा टप्पा ओलांडला की अंतराला सरळ 14 ने गुणायचे. 3 किलोमीटरला 42, 6 किलोमीटरला 84. अंतर दुप्पट, भाडेही दुप्पट. नव्या दराने दीड किलोमीटरचे, 17 च्या हिशेबाने, साडेपंचवीस होतात. किमान भाडे मात्र 25 आहे. त्यामुळे 3 किलोमीटरला 50 रुपये 50 पैसे आणि 6 किलोमीटरला 101 रुपये 50 पैसे. दुप्पट धरले तर 101 यायला हवेत, येतात 50 पैसे जास्त. अंतराला क्ष आणि भाड्याला य म्हटले, तर दीड किलोमीटरनंतरचे जुने भाडे य = 14क्ष आणि नवे भाडे य = 17क्ष − 0.5. आलेखावर पहिली रेषा मागे वाढवत नेली की आरंभबिंदूतून जाते; दुसरी उभ्या अक्षाला आरंभबिंदूच्या अर्धा रुपया खाली छेदते. आठवीचे पुस्तक ज्याला ‘समचलन’ म्हणते, ते पुण्याच्या रिक्षाने 2022 मध्ये सोडले.

एवढ्याशा 50 पैशांत शाळेच्या बीजगणिताचा गाभा आहे. दोन राशी, त्यांना बांधणारा नियम, त्या नियमाचा तक्ता, तक्त्याचा आलेख, आलेखाचा चढ आणि त्याची सुरुवात कुठे होते तो बिंदू. नव्या शैक्षणिक धोरणाला धरून राज्याची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, 2025-26 मध्ये पहिलीपासून त्याची सुरुवात झाली. वरच्या इयत्तांचे बीजगणित नव्याने मांडण्याची संधी अशी वरचेवर येत नाही. म्हणून हे पत्र.

एकच गोष्ट, पाच ठिकाणी

गेल्या काही वर्षांतल्या पुस्तकांत ही एकच गोष्ट कशी विखुरली आहे, ते आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण वाचकांसाठी सांगायला हवे. आठवीत ‘चलन’ नावाचे प्रकरण आहे. तिथे समचलन येते : एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट. त्या नात्याचा आलेख ही आरंभबिंदूतून जाणारी रेषा असते, पण ती ओळख तिथे ठसत नाही. नववीत आणि दहावीत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ येतात, भाग 1 मध्ये. रेषेचा ‘चढ’ येतो दहावीच्या भाग 2 मध्ये, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात. दहावीच्याच भाग 1 मध्ये अंकगणिती श्रेढी येते. दर पदाला ठरावीक वाढ, म्हणजे तीही रेषाच. फक्त सलग नसून ठिपक्या-ठिपक्यांची. आणि या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारी ‘फल’ ही संकल्पना येते अकरावीत, तीही गणित घेतलेल्या मुलांनाच.

दहावीची परीक्षाही हीच फूट पक्की करते. भाग 1 ची 40 गुणांची प्रश्नपत्रिका एका दिवशी, भाग 2 ची 40 गुणांची दुसऱ्या दिवशी. समीकरण एका पेपरात आणि त्याच समीकरणाच्या रेषेचा चढ दुसऱ्या पेपरात. य = 17क्ष − 0.5 मधला 17 हाच त्या रेषेचा चढ आहे, हे सांगण्याची जबाबदारी मग दोन्ही पेपरांच्या मध्ये कुठेतरी पडून राहते. चांगला शिक्षक ती उचलतो. पण शिक्षक चांगला निघण्याच्या भरवशावर पाठ्यपुस्तकाने राहू नये.

मुलांच्या बाजूने पाहिले तर अडचण आणखी खोल आहे. सहावी-सातवीत त्यांची अक्षराशी पहिली भेट होते ती ‘एक्सची किंमत काढा’ या वाक्यातून. अक्षर म्हणजे लपलेली संख्या, ती शोधून काढली की खेळ संपला. नववीत मात्र अचानक असे समीकरण समोर येते की ज्यात अक्षराला कितीही किमती चालतात. एक्सला 0 घ्या, 1 घ्या, 2 घ्या. मूल मनात म्हणते, मग खरी किंमत कोणती? या प्रश्नाचे उत्तर असे आहे की अक्षराचे कामच बदलले आहे : आधी ते अज्ञात होते, आता ते चल आहे. हा बदल म्हणजे बीजगणितातला सर्वांत मोठा उंबरठा. तो ओलांडताना हात धरायला कोणी नसते. मूल एक्स, वाय आणि कंसातली जोडी असा तीन ओळींचा तक्ता भरते, चार बिंदू मांडते, पट्टीने जोडते आणि गुण मिळवते. रेषा कागदावर येते, डोक्यात येत नाही.

तीस विद्यार्थी, एक शिक्षक

एक छोटा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येईल. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेसाठी एका शिक्षकामागे 30 विद्यार्थी हे प्रमाण ठरवले आहे. मुलांना सांगावे : विद्यार्थ्यांच्या संख्येला ‘वि’ म्हणा, शिक्षकांच्या संख्येला ‘शि’ म्हणा आणि हे प्रमाण समीकरणात लिहा. पुष्कळ वह्यांत 30वि = शि असे उत्तर दिसेल. ‘तीस विद्यार्थ्यांना एक शिक्षक’ हे वाक्य ज्या क्रमाने कानावर पडले, त्याच क्रमाने कागदावर उतरते. पडताळून पाहिले तर कळते, की या समीकरणाप्रमाणे 2 विद्यार्थ्यांसाठी 60 शिक्षक लागतील. बरोबर उत्तर वि = 30शि.

ही चूक फक्त आपल्या मुलांची नाही. अमेरिकेत क्लेमंट, लॉकहेड आणि मंक या तिघांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असाच प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला होता. एक तृतीयांशाहून अधिक मुले चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी समीकरण उलटे लिहिले. गणितात पुढे गेलेली मुलेही अक्षराला संख्या न मानता नाव मानतात. ‘वि’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या नसून विद्यार्थीच, असा तो समज आहे. त्यावर सूत्रांची घोकंपट्टी चालत नाही. एक तक्ता मात्र चालतो : शिक्षक 1, 2, 3, विद्यार्थी 30, 60, 90. तक्ता आधी, समीकरण मागून.

शब्द आपल्या घरातच आहे

जितके शिक्षक, त्यांच्या तीसपट विद्यार्थी. मराठीत दोन राशींचे नाते सांगायला ‘जितके-तितके’ ही जोडी आहे, आणि मूल ती तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बोलते. जेवढा गूळ घालावा तेवढे गोड. पेरावे तसे उगवते. हे फलाचेच व्याकरण आहे : एक गोष्ट द्या, तिच्यावरून दुसरी ठरते. गणिताने अशा नात्याला ‘फल’ म्हटले, तेही किती नेमके. पेरले त्याचे फळ. आणि कुठेही गेलात तरी पळसाला पाने तीनच, हे तर स्थिर फल झाले. त्याचा आलेख 3 च्या उंचीवरची आडवी रेषा. आठवीच्या मुलाला अशी ओळख करून दिली तर तो शब्द त्याला परका वाटणार नाही.

या जोडीला मोठा वारसा आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशींना नावे आहेत ती रंगांची : कालक, नीलक, पीतक. पण पहिल्या अज्ञाताचे नाव रंगाचे नाही. ते आहे ‘यावत्तावत्’. शब्दशः जितके-तितके. भास्कराचार्यांना त्यातून अज्ञात संख्याच अभिप्रेत होती, आजच्या अर्थाचे चल नव्हे, हे खरे. तरी शाळेतल्या ‘एक्स’पेक्षा हा शब्द मराठी कानाला किती बोलका आहे! त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ उभारला. त्याचा 1207 सालचा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे. बीजगणिताच्या पहिल्या पानावर या शब्दाला जागा मिळावी, एवढा हक्क त्याला नक्की आहे.

भाषा आणि गणित यांचा सांधा तपासण्याचे धैर्य आपल्या समितीने पूर्वी दाखवलेले आहे. डॉ. मंगला नारळीकर अध्यक्ष असताना, 2019 मध्ये, दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचण्याची ‘वीस एक’ अशी रीत आली. त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू कोणती, हा इथला मुद्दा नाही. मुलांना गणित कुठे अडते हे पाहताना ते कोणत्या शब्दांत विचार करतात तेही पाहायला हवे, हा त्या प्रयत्नामागचा विचार मोलाचा होता. मंगलाताई 17 जुलै 2023 रोजी गेल्या. त्यांचा तो विचार दुसरीपाशी थांबू नये, बीजगणितापर्यंत पोचावा.

पायऱ्या, रेषा आणि त्यांची गाठ

उदाहरणांसाठी पुण्याबाहेर जायची गरज नाही. पीएमपीएमएलने 1 जून 2025 पासून बसचे भाडे टप्प्यांवर आणले : 5 किलोमीटरपर्यंत 10 रुपये, 10 पर्यंत 20, 15 पर्यंत 30 आणि याच क्रमाने 30 किलोमीटरपर्यंत 60. याचा आलेख काढला तर रेषा येत नाही, जिना येतो. 5 किलोमीटरपर्यंत आडवी फळी, मग एकदम वरची पायरी. मुलांनी हा जिना स्वतः काढला तर दोन गोष्टी न शिकवता कळतात. प्रत्येक फल रेषीय नसते, ही पहिली. दुसरी त्याहून मोलाची : अंतर सांगितले की भाडे एकच येते, पण भाडे सांगितले तर अंतर ठरत नाही. हातात 20 रुपयांचे तिकीट आहे, तर प्रवास 6 किलोमीटरचा झाला की साडेनऊचा? सांगता येणार नाही. नाते एका दिशेने फल असू शकते आणि उलट दिशेने नसू शकते. अकरावीच्या पुस्तकात व्याख्येच्या अंगाने येणारी ही गोष्ट बसच्या तिकिटावर छापलेली आहे.

आता दोन आलेख एकत्र काढावेत. तिघी मैत्रिणींना एकत्र जायचे आहे. बसने 5 किलोमीटरच्या आत तिघींचे मिळून 30 रुपये. रिक्षाने दीड किलोमीटरनंतर य = 17क्ष − 0.5. बसची रेषा आडवी, रिक्षाची चढती. कुठे भेटतात? 17क्ष − 0.5 = 30, म्हणजे क्ष सुमारे 1.79. पावणेदोन किलोमीटरच्या जरा पुढेपर्यंत तिघींना रिक्षा स्वस्त, त्यानंतर बस. एकट्या प्रवाशाला हाच प्रश्न घातला तर रेषा भेटतच नाहीत. रिक्षाचे किमान भाडेच 25 आहे, त्यामुळे त्याला बस कायम स्वस्त. ‘एकसामयिक समीकरणांची उकल’ या भारदस्त शब्दांचा अर्थ इतकाच : दोन नियम कोणत्या ठिकाणी एकच उत्तर देतात. आणि उकल नसणे म्हणजे आपले उत्तर चुकले असे नाही. ‘हे दोन नियम कधीच जुळत नाहीत’, हेही उत्तरच आहे.

दैनंदिन पासाचेही तसेच. पास 70 रुपयांचा. 20 रुपयांच्या टप्प्यावर रोज किती फेऱ्या झाल्या तर पास परवडेल? 20क्ष = 70 सोडवले की क्ष = 3.5 येतो. साडेतीन फेऱ्या कोणी करत नाही. म्हणून 3 फेऱ्यांपर्यंत तिकीट, चौथीला पास. उत्तर काढून झाल्यावर त्याच्याकडे पुन्हा माणसाच्या नजरेने पाहायची सवय अशा गणितांतूनच लागते.

क्युसेक म्हणजे चढ

पावसाळ्यात पुणेकर रोज एक वाक्य वाचतात : खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात इतके क्युसेक विसर्ग सुरू. याच वाक्यात रेषेचा चढ आहे.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दिवसाचे सेकंद 86,400. तेव्हा 1 टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचे, तर सुमारे 11,574 क्युसेक लागतात. खडकवासल्याचा उपयुक्त साठा 1.97 टीएमसी; वरची पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून चौघांचा मिळून 29.15. जुलै 2024 च्या शेवटच्या आठवड्यात विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. त्या वेगाने दिवसाला 3 टीएमसीहून थोडे जास्त पाणी जाते. वरून काहीच येत नाही असे धरले, तर भरलेले खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामे होईल. साठा उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर घेतली की उतरती रेषा मिळते, आणि तिचा उतार म्हणजेच विसर्ग. वरून येवा, म्हणजे येणारे पाणी, सुरू असेल तर येवा उणे विसर्ग हा नवा चढ. तो धन असेल तर धरण भरते, ऋण असेल तर उतरते, शून्य असेल तर पातळी जागच्या जागी. वरच्या धरणांचे पाणी चारपैकी सर्वांत लहान अशा याच धरणातून जाते; ते किती लवकर भरते आणि किती लवकर उतरते, हे या एका रेषेने मुलांना समजावता येते.

दहावीचे पुस्तक चढ शिकवते तो दोन बिंदूंच्या निर्देशकांच्या वजाबाक्यांचा भागाकार म्हणून, आणि कोनाच्या स्पर्श-गुणोत्तरातून. दोन्ही बरोबर आहेत. पण चढाला एकक असते, तो ‘दर’ असतो, हे त्यातून निसटते. रिक्षाच्या रेषेचा चढ 17 आहे म्हणजे किलोमीटरला 17 रुपये. धरणाच्या रेषेचा चढ म्हणजे दिवसाला इतके टीएमसी. बोरघाटातल्या रेल्वेचा कमाल चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून जोडइंजिने लावावी लागतात ती या चढामुळे. 1863 मध्ये हा घाट रेल्वेला खुला झाला, आणि मुंबईहून पुण्याला येणारे मूल आजही त्याच चढाने वर येते. शब्द तोच, ‘चढ’. त्याचा अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो.

डोळ्यांना दिसणाऱ्या चढाचा एक धोकाही आहे, आणि त्यावर पुस्तकाने थेट बोलायला हवे. मुलांना सांगावे, की एक जण सायकलने सिंहगड चढला आणि उतरला. त्याच्या वेगाचा आलेख काढा. अनेक जण डोंगर काढतील : आधी वर, मग खाली. खरे तर चढताना वेग कमी असतो आणि उतरताना वाढतो; आलेख जवळजवळ उलटा यायला हवा. आलेखाला चित्र समजण्याची ही चूक जगभर आढळते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या शेल सेंटरने 1985 मध्ये फले आणि आलेखांची भाषा शिकवण्यासाठी शिक्षकांच्या हाती जे पुस्तक दिले, त्यात भर होता तो आलेख वाचण्यावर, आलेखाची गोष्ट सांगण्यावर आणि गोष्टीचा आलेख काढण्यावर. आपल्या पुस्तकांत आलेख काढायला सांगणारे प्रश्न आहेत. दिलेला आलेख वाचून चार ओळी लिहायला लावणारे प्रश्न फार थोडे.

हे नवे नाही

‘फल’ शाळेत आणा, ही मागणी नव्या पिढीची हौस नाही. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइनच्या पुढाकाराने 1905 मध्ये मेरान इथे जो सुधारणेचा आराखडा ठरला, त्याचा कणा ‘राशींमधल्या अवलंबनाने विचार करण्याची सवय’ हाच होता. अमेरिकेतल्या 2010 च्या सामाईक अभ्यासक्रम मानकांत फल ही संकल्पना आठवीत आहे, आणि तीही दर, तक्ता आणि आलेख यांच्याच अंगाने.

पुण्याला तर याबाबतीत दूर पाहण्याचे कारणच नाही. श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये याच शहरात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. बैजिक भूमितीत जगभर मान मिळवलेला हा गणिती आयुष्यभर शाळेतल्या बीजगणिताची बाजू मांडत राहिला. मोठ्या अमूर्त सिद्धान्तांनी जे होत नाही, ते बहुपदींच्या साध्या हिशेबाने होते, हे त्यांनी करून दाखवले. त्यांचा आणि त्झुओंग-त्सिएंग मो यांचा 1975 चा प्रसिद्ध सिद्धान्त कशाविषयी आहे? प्रतलातल्या रेषेविषयी. बहुपदींच्या साहाय्याने रेषा प्रतलात कितीही वाकवून बसवली, पण तिने स्वतःला कुठे छेदले नाही आणि तिला कुठे टोक आले नाही, तर तशाच बहुपदींनी प्रतल बदलून तिला पुन्हा सरळ करता येते, असा त्याचा ढोबळ आशय. नववीच्या वहीतली रेषा आणि संशोधनाच्या अग्रभागी असलेली रेषा एकाच कुळातली आहे. हे सांगणारा माणूस मराठी होता, आणि त्याने उभारलेली संस्था आपल्या कार्यालयापासून फार लांब नाही.

आपल्याकडे मागणे

अभ्यासक्रम आधीच भरलेला आहे, त्यात आणखी काय घालायचे, असा आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. पण इथे नवे काही घालायचे नाही. जे आहे ते जवळ आणायचे आहे.

पहिली विनंती ही, की सहावी-सातवीत अक्षर यावे ते दोन्ही रूपांत. ‘किंमत काढा’ हे एक रूप, आणि ‘हे बदलले तर ते कसे बदलेल’ हे दुसरे. तक्ते आणि जितके-तितकेची वाक्ये तिथूनच सुरू व्हावीत.

दुसरी, आठवी किंवा नववीत एक प्रकरण असे असावे, की ज्यात समचलन, रेषीय समीकरण, चढ आणि अंकगणिती श्रेढी एकाच आलेख कागदावर भेटतील, आणि ‘फल’ हा शब्द तिथे साध्या अर्थाने यावा. व्याख्या अकरावीत पक्की होऊ द्या. ओळख आधी होऊ द्या. दहावीच्या पुढे गणित सोडणाऱ्या मुलांनाही ती मिळायला हवी. वीजबिलाचे टप्पे, कर्जाचे हप्ते आणि पावसाचे आकडे त्यांनाही आयुष्यभर वाचायचे आहेत.

तिसरी, जागा लागत असेल तर ती दहावीतल्या निश्चयक पद्धतीतून काढावी. क्रेमरच्या नियमाने मुले उत्तरे झटपट काढतात, पण तीन निश्चयक कशाचे आहेत, आणि खालचा निश्चयक शून्य झाला की रेषा समांतर किंवा एकरूप का असतात, हे त्यांना कळत नाही. निश्चयक अकरावीत येतातच. तिथे ते शोभतात. दहावीतला तो वेळ दोन रेषांच्या गाठीचा अर्थ समजावण्यात जाऊ द्या.

चौथी विनंती सरावसंचांची. प्रत्येक संचात निदान एक प्रश्न आलेख वाचण्याचा असावा, एक प्रश्न रेषा अक्षाला जिथे छेदते त्या बिंदूचा अर्थ विचारणारा असावा, आणि एक उदाहरण असे असावे जे रेषीय नाही. सगळ्या गोष्टी सरळ रेषेत जातात असे वाटणे ही बीजगणितातली एक मोठी गैरसमजूत आहे, आणि केवळ रेषाच दाखवत राहिलो तर ती आपणच तयार करतो. परीक्षा राज्य मंडळ घेते, आपण घेत नाही, हे माहीत आहे. पण प्रश्नपत्रिका पुस्तकाच्या मागे मागे येतात.

या कशालाही संगणक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. वेल्ह्याच्या शाळेतही आलेख कागद, पट्टी आणि पेन्सिल मिळते. तिथल्या मुलांकडे रिक्षाचे दरपत्रक नसेल, पण एसटीचे तिकीट आहे, आणि पानशेत धरणाचे पाणी तर त्यांच्याच तालुक्यातले आहे.

नव्या पुस्तकांचे पहिले मसुदे सेनापती बापट मार्गावर तयार होतील, तेव्हा बीजगणिताच्या पहिल्या पानासाठी एकच प्रश्न घ्यावा, ही शेवटची विनंती : पुण्यात रिक्षाने 3 किलोमीटर गेल्यास किती भाडे, 6 किलोमीटर गेल्यास किती, आणि दुसरे पहिल्याच्या बरोबर दुप्पट का नाही? ते 50 पैसे मुलांना स्वतः शोधू द्या.



एक गणितप्रेमी पुणेकर